उघड्या टपाची गाडी : छत काढलं, मग वजन वाढलं कसं?

खटपट्या

मागच्या आठवड्यातल्या एका धाग्यावर कुणीसं लिहिलं होतं, "कन्व्हर्टिबल म्हणजे काय, तर कूपेचं (दोन दारांच्या बंद गाडीचं) छत कापायचं, त्या जागी कापड ताणायचं आणि गिऱ्हाइकाकडून वर जादा पैसे घ्यायचे." तिथे उत्तर टंकायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढतच गेलं. म्हणून हा वेगळा धागा. गाडीच्या सांगाड्याचं काम करण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली, त्यातली चार वर्षं दोन सीटच्या एका उघड्या स्पोर्ट्स कारवर. कंपनी कुठली ते विचारू नका, सांगणार नाही.

आधी एक घरगुती प्रयोग. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्कं करा. आता दोन्ही टोकं धरा आणि ओला कपडा पिळतो तसा पिळा. जेमतेम हलेल. मग झाकण काढून पुन्हा पिळा. हातात लुळं पडेल ते. वजन गेलं फक्त झाकणापुरतं, ताठपणा मात्र जवळजवळ सगळा गेला.

गाडीचंही असंच. पुढचं डावं चाक उंचवट्यावर चढलं आणि बाकीची तीन खालीच राहिली, की रस्ता गाडीला पिळतो. बंद गाडीत तळ, छत, खांब आणि डिंकाने घट्ट बसवलेल्या पुढच्या-मागच्या काचा अशी सगळी मिळून एक बंद पेटी झालेली असते आणि तो पीळ सगळ्यांत वाटला जातो. छत गेलं की पेटीचा ट्रे होतो.

थोडं गणित, फार नाही. भिंतीच्या जाडीच्या २० पट त्रिज्या असलेली गोल नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर द्या. धातू तेवढाच, वजन तेवढंच, पण पिळाविरुद्धचा ताठपणा १२०० पटीने खाली येतो. कारण बंद नळीत हा ताठपणा पोकळीच्या क्षेत्रफळाच्या वर्गावर ठरतो. पोकळीच बंद राहिली नाही की उरतो फक्त पत्र्याच्या जाडीचा आधार, आणि पत्रा तो केवढा!

मग छत नसलेल्या गाडीत बंद पोकळी आणायची कुठून? उरतात दाराखालचे दोन उंबरठे, ज्यांना आम्ही सिल म्हणतो, आणि दोन सीटच्या मधून तळाला जाणारा लांबट बोगदा. चौकोनी नळीच्या पत्र्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. त्याऐवजी जाडी तीच ठेवून नळीची बाजू दुप्पट केली तर आठपट. दोन्हीकडे धातू दुपटीनेच लागतो. म्हणजे सिल जाड नको, लठ्ठ हवं. आणि ते लठ्ठ झालं की आत बसताना पाय उचलावा लागतो, सीट आत सरकते, दार छोटं होतं, मग डिझाइनवाला येऊन भांडतो. माझी चार वर्षं या भांडणात गेली म्हणालात तरी चालेल.

छत काढून वजन वाढतं ते असं. वर टपाची यंत्रणा, पुढच्या काचेच्या खांबांत पोलादी नळ्या, तळाला तिरप्या पट्ट्या आणि सीटमागे आडवी भिंत हे सगळं आलंच. एकाच गाडीची दोन्ही रूपं असतील तर उघडं भावंड बहुतेक वेळा जड निघतं.

पुढचं प्रश्न येतील तसं लिहितो.


नटबोल्ट

वाखुसा (वाचनखूण साठवली). खोक्याचा प्रयोग केला. मुलीच्या नव्या बुटांचा खोका होता, हे नंतर कळलं. घरातला ताठपणा मात्र अजिबात कमी झालेला नाही.


सावकाश_जा

छान लिहिलंय. माझा एक बाळबोध प्रश्न. एका परिचितांची जुनी चार सीटची कन्व्हर्टिबल चालवायला मिळाली होती. गुळगुळीत रस्त्यावर स्वर्ग. पण जरा खडबडीत रस्ता लागला की आतला आरसा असा थरथरायचा की मागची गाडी एक आहे की दोन, कळेना. स्टिअरिंगही हातात बारीक झिणझिणत होतं. सस्पेन्शन गेलं असेल का?


खटपट्या

@सावकाश_जा, सस्पेन्शन ठीक असण्याची शक्यता जास्त. याला काऊल शेक किंवा स्कटल शेक म्हणतात. पुढच्या काचेची चौकट आणि डॅशबोर्ड हा भाग बंद गाडीत छताने मागे बांधलेला असतो. उघड्या गाडीत तो जमिनीत रोवलेल्या काठीसारखा खालूनच काय तो धरलेला. आरसा लटकतो नेमका त्याच्या टोकाला.

इथे नुसता ताठपणा पाहून भागत नाही, कंपनाचा ठेका पाहावा लागतो. खड्ड्यातून जाताना चाक आणि ॲक्सल सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा उडतात. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर आयडलिंग करत असेल तर सेकंदाला २५ धक्के देतं. सांगाड्याचा पिळण्याचा स्वतःचा ठेका यांच्यापैकी कुणाशी जुळला की झोका देणाऱ्याला लय सापडते. बंद गाडीचा ठेका सहसा या दोघांच्याही वर असतो. छत काढलं की तो खाली घसरतो आणि बरोब्बर यांच्या मध्ये येऊन बसतो. मग सांगाडेवाल्याचं काम एवढंच, की त्याला त्या दोन्हींपासून शक्य तितकं लांब ठेवायचं.


सावकाश_जा

अच्छा, म्हणजे आता एक कोडं सुटलं. त्याच गाडीच्या डिकीत स्टेपनी काढताना कोपऱ्यात एक लोखंडी ठोकळा दिसला होता. हात लावला तर डुलत होता. मला वाटलं बोल्ट सैल झालाय. पान्याने आवळायला गेलो तर बोल्ट घट्टच! रबरावर बसवलेला होता.


खटपट्या

हो, तोच! आवळला नाहीत हे बरं केलंत. त्याला मास डॅम्पर म्हणतात. ठोकळ्याचं वजन आणि रबराचा मऊपणा असा जुळवतात, की गाडी ज्या ठेक्यावर थरथरते त्याच ठेक्यावर ठोकळा उलटा डुलतो. थरथर तो स्वतःच्या अंगावर घेतो. कित्येक उघड्या गाड्यांत हे ठोकळे कोपऱ्यांत लपवलेले असतात. काही ठिकाणी बॅटरीलाच रबरावर बसवून हे काम करून घेतात, म्हणजे फुकटचं लोखंड वाहून न्यायला नको.

खरं सांगायचं तर सांगाडेवाल्याच्या दृष्टीने तो ठोकळा म्हणजे पराभवाचं स्मारक. आमच्याही गाडीत शेवटी दोन बसवले.


दुसरा_गिअर

धागा वाचतोय, पण इतका वेळ झाला आणि अजून मियाटाचं नाव नाही? हा घोर अन्याय आहे.

माझ्या मते उघडी गाडी कशी रेखाटावी याचं पुस्तक म्हणजे माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. तिच्यामागचं सूत्र जपानी भाषेत 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. कूपे कापून केलेली नाही, पहिल्या रेघेपासून उघडीच.

मला आवडते ती २०१५ची चौथी पिढी. दर पिढीला गाड्या फुगत जातात, ही आकसली. लांबी ३,९१५ मिमी, म्हणजे पहिल्या पिढीपेक्षाही आखूड. जपानमधली दीड लिटरची सगळ्यांत साधी गाडी ९९० किलोची होती, आधीच्या पिढीपेक्षा १०० किलोहून जास्त हलकी. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे. चाकाला पाचाऐवजी चार नट! गिअरबॉक्सचा सहावा गिअर थेट, एकास एक, त्यामुळे डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचे, दातेही त्या हिशेबाने बदलता आले.

आणि गाभ्यात ती पॉवर प्लांट फ्रेम, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट. छत नसल्याने जो ताठपणा जातो तो तिनेच भरून काढलाय.


खटपट्या

@दुसरा_गिअर, सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. ती चौकट सांगाड्याला ताठ करण्यासाठी नाही. ती बॉडीला नाही, इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला डिफरन्शियलशी बांधते. ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल नाक वर करू पाहतं, इंजिन रबरी माउंटवर कलतं, आणि पाय दाबणं आणि गाडीने पुढे सरकणं यात एक लिबलिबीत क्षण जातो. दोघांना एकमेकांशी बांधलं की तो क्षण गेला. स्वार-घोड्याच्या गप्पा प्रत्यक्षात या चौकटीत उतरल्यात.

आणि चार नटांचं हसू नका. माझ्या दृष्टीने त्या गाडीतला सगळ्यांत अवघड निर्णय तोच असणार. मीटिंगमध्ये "नट एक कमी करू" असं म्हणायला आधी गाडीचं वजन, टायरची रुंदी, ब्रेकचा आकार सगळं कमी ठेवलेलं असावं लागतं. शंभर किलो एका जागी सापडत नाहीत, ते असे चिमटीचिमटीने गोळा होतात.


दुसरा_गिअर

चूक मान्य. इतकी वर्षं मी ही थाप आत्मविश्वासाने मारत आलोय.


रेघोट्या

मी भांडणातला दुसरा पक्ष. स्टायलिंगवाला.

खटपट्यांनी सिलचं रडगाणं गायलं, आता आमचंही ऐका. उघड्या गाडीत डोळा सगळ्यात आधी कुठे जातो? दाराच्या वरच्या कडेवरून मागे जाणाऱ्या रेघेवर. बंद गाडीत छताची कमान सगळे दोष झाकते. इथे ती नाही, त्यामुळे अंगाची प्रत्येक फुगवट उघडी पडते. शिवाय गाडीचे दोन चेहरे, टप लावलेला आणि टप उघडलेला. मातीच्या मॉडेलवर एकाला न्याय दिला की दुसरा रुसतो. टप लावल्यावर टोपी घातल्यासारखी दिसणारी गाडी कुणी विकत घेतली तरी मनातून माफ करत नाही.

आणि टप घडी होऊन जातं कुठे? सीटच्या मागे, चाकांच्या मध्ये. कापडाचं टप पातळ घडीत बसतं. पत्र्याचं टप आलं की मागचा भाग फुगायलाच लागतो. १९९०च्या उत्तरार्धापासून जी पत्र्याच्या घडीच्या टपांची साथ आली, त्यातल्या अर्ध्या गाड्या मागून बघवत नाहीत. हे माझं मत, दगड मारणाऱ्यांनी रांग लावावी.


नटबोल्ट

हा घ्या पहिला दगड. पत्र्याचं टप म्हणजे बंद असताना कूपे, उघडलं की रोडस्टर. आवाज कमी, चोराला ब्लेडने फाडता येत नाही, काचही मोठी. १९९६च्या मर्सिडीझ एसएलकेने ते बटणावर आणलं तेव्हा लोक थांबून बघायचे. एवढी चांगली गोष्ट, मग हल्ली ती मागे का पडतेय?


खटपट्या

कल्पना एसएलकेच्याही कितीतरी आधीची. फ्रान्समध्ये जॉर्ज पोलां नावाचे एक दंतवैद्य होते. पत्र्याचं अख्खं छत डिकीत सरकवण्याची युक्ती त्यांची, आणि १९३०च्या दशकातच प्यूजोने ती 'एक्लिप्स' नावाने गाड्यांत आणली. १९५७ ते १९५९ फोर्डने स्कायलायनर विकली. छत इतकं लांब की त्याची पुढची कड दुमडूनच ते आत मावायचं.

मागे का पडतेय याचं उत्तर वजनात आहे, आणि त्याहून जास्त वजनाच्या जागेत. पत्र्याचं छत, त्याच्या बिजागऱ्या, मोटारी हे सगळं गाडीच्या सगळ्यांत वरच्या भागात. गुरुत्वमध्य वर जातो. उघडलं की तेच ओझं मागच्या ॲक्सलवर. म्हणजे एकाच गाडीचा वळणावरचा स्वभाव टप कुठे आहे त्यावर बदलणार.

आकडेच बघा. बीएमडब्ल्यू झेड-४ ने २००९ मध्ये पत्र्याचं टप घेतलं आणि २०१८ची पिढी कापडावर परत आली. ते १० सेकंदांत उघडतं, तेही ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीत. मर्सिडीझ एसएल दोन पिढ्या पत्र्यावर होती, २०२१ मध्ये कापडावर आली, त्यात २१ किलो वाचले. फेरारीने २००८ची कॅलिफोर्निया पत्र्याच्या टपाची केली, २०२३ची रोमा स्पायडर कापडाची.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर नटबोल्ट पान्याने मारतील. मधलं इंजिन (म्हणजे सीटच्या लगेच मागे) असलेल्या गाडीत टप म्हणजे डोक्यावरचा छोटा तुकडा असतो. तिथे पत्रा छान जमतो. रेघोट्यांच्या रेघेलाही त्रास नाही.


रेघोट्या

सहमत. आणि माझदाने २०१६ मध्ये एमएक्स-५ आरएफ काढून मधला रस्ता दाखवला, तो मला फार आवडतो. सगळं छत नाही उघडत, मागचे उतरते खांब जागेवर परत येतात. १३ सेकंद लागतात. पूर्ण आकाश मिळत नाही, पण बाजूने बघताना जी रेघ मिळते तिच्यासाठी मी अर्धं आकाश सोडायला तयार आहे.


दुसरा_गिअर

आणि मी नाही. त्याच गाडीचं साधं कापडी टप एका हाताने, सीटवर बसल्या बसल्या मागे टाकता येतं. खिट्टी सोडायची, मागे ढकलायचं, क्लिक. मोटार नाही, पंप नाही, बिघडायला काही नाही. टप उघडायला बटण कशाला लागतं मला कळतच नाही.


सौदामिनी

इथे विजेचा विषय कुणीच काढला नाही. इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या तळात बॅटरीचा भलामोठा ताठ खोका असतोच. मग छताची गरजच काय? तो खोका खटपट्यांचं सगळं काम फुकटात करेल की. एमजी सायबर्स्टर बघा, ७७ किलोवॅटतासाची बॅटरी आणि जाडी फक्त ११० मिमी. वर कात्रीसारखी उघडणारी दारं!


खटपट्या

@सौदामिनी, चांगला प्रश्न. अर्धं उत्तर "हो" आहे. बॅटरीचा खोका हीसुद्धा एक बंद पोकळी, आणि ती सांगाड्याला भरपूर बोल्टांनी नीट आवळली तर पिळाविरुद्ध खरीच मदत होते. कुठल्याही सिलपेक्षा तिचं क्षेत्रफळ मोठं.

पण तुलना करून बघा. बंद गाडीची पेटी साधारण १.१ मीटर उंच, हा खोका ११ सेंटीमीटर. रुंदी तीच धरली तर क्षेत्रफळ दहावा हिस्सा, आणि ते वर्गात मोजायचंय. बुटांच्या खोक्याचा तळ कितीही जाड केला तरी तो झाकणाची जागा घेत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे तुमची बैठक. स्पोर्ट्स कारमध्ये माणूस जमिनीलगत हवा. तळात ११ सेंटीमीटर घातले की सीट तेवढी वर, मग काच वर, दार वर, आणि रेघोट्या बेशुद्ध. शिवाय सायबर्स्टरची दोन मोटारींची आवृत्ती जवळपास दोन टनांची आहे. ताकद ५१० पीएस (अश्वशक्ती) आहे म्हणून सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, वळणावर टायरला जाणवतं.

२००८च्या टेस्ला रोडस्टरने बॅटरी सीटच्या मागे ठेवली होती, जिथे मधलं इंजिन असतं तिथे. ५३ किलोवॅटतास, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. बैठक खालीच राहिली, पण सगळा भार मागे गेला. तळात ठेवा किंवा पाठीत, कुठेतरी दुखणारच.


सौदामिनी

बरं, पण टेस्लाने तो सांगाडा लोटस एलिसवरून घेतला होता ना? एलिसमध्ये बसणं म्हणजे बाथटबमध्ये उतरणं, असं ऐकून आहे.


खटपट्या

बाथटब हा शब्द अगदी बरोबर. १९९६ची एलिस म्हणजे या धाग्याचं मूर्तिमंत उदाहरण. ॲल्युमिनियमच्या ओतीव नव्हे, साच्यातून दाबून काढलेल्या पोकळ पट्ट्या घेतल्या, वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवल्या. सांगाडा ७० किलोच्या आत, अख्खी गाडी सुमारे सव्वासातशे किलो. ही जादू कशी, तर सिल प्रचंड उंच आणि रुंद. आत जायचं म्हणजे आधी एक पाय, मग बूड, मग दुसरा पाय. टप लावलेलं असेल तर कसरत. टेस्लाने दारं जरा मोठी करायची म्हणून ते सिल खाली घेतलं, आणि मग ताठपणा परत मिळवायला पुन्हा मेहनत.

याची उलटी गोष्ट मर्सिडीझ ३०० एसएलची. १९५४च्या कूपेत नळ्यांचा पिंजरा बाजूने इतका वरून गेला होता की साधं दार बसेना. म्हणून पंखांसारखी वर उघडणारी दारं आली. लोक त्याला आजही डिझाइनची प्रतिभा म्हणतात, ती होती अडचण! १९५७ मध्ये रोडस्टर करायची वेळ आली. छतच नाही तर बिजागरी लावणार कुठे? मग पिंजरा बाजूला खाली आणला, साधी दारं लावली, इतर ठिकाणी मजबुती वाढवली.

२०१२चा मॅक्लारेन १२सी स्पायडर हे या सगळ्याला अपवाद वाटणारं उदाहरण. कार्बन फायबरचा टब, आणि छत काढूनही त्याला जादा मजबुती द्यावी लागली नाही. वजन वाढलं ४० किलो, ते टप आणि त्याच्या यंत्रणेचं. कारण साधं आहे, तो टब मुळात छताच्या भरवशावर बसलाच नव्हता. छत असो नसो, काम तळच करत होता. मला या धाग्यात जे म्हणायचंय ते एवढंच. गाडी आधी उघडी रेखाटा, तिच्यावर छत नंतर चढवता येतं. उलट्या बाजूने गेलात की ठोकळे टांगायची वेळ येते.


गोगलगाय

सुरक्षिततेबद्दल कुणी बोलेल का? गाडी उलटली तर डोक्यावर काय? कापड?


नटबोल्ट

याचं मी सांगतो. पुढच्या काचेची चौकट आणि सीटमागच्या कमानी, या दोघांमध्ये डोकं वाचलं पाहिजे. चौकटीच्या खांबांत अतिकठीण पोलादाच्या नळ्या असतात. मागच्या कमानी कधी कायमच्या उभ्या, कधी लपवलेल्या. १९८९च्या मर्सिडीझ एसएलमध्ये गाडी उलटतेय असं सेन्सरला वाटलं की कमान ०.३ सेकंदात उभी राहायची.

सत्तरच्या दशकात अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदीच आणणार अशी हवा होती. पोर्शने १९६५ मध्येच टार्गा दाखवली होती, मध्ये जाड कमान आणि पुढचा तुकडा काढता येणारा, ती याच भीतीतून. बंदी आली नाही, पण १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून विकली गेली. पुढे १९८२ मध्ये क्रायस्लरने लेबॅरन आणली आणि ते 'शेवटचं' तेवढ्यावरच राहिलं.


सावकाश_जा

अजून एक शंका. टप उघडं असताना वारा समोरून यायला हवा ना? मला सगळा मागून मानेवर लागत होता. शेजारी बसलेल्यांचे केस पुढे, तोंडावर!


खटपट्या

बरोबर पाहिलंत. काचेच्या वरच्या कडेवरून हवा सुटते आणि डोक्यावरून मागे जाते. खाली केबिनमध्ये दाब कमी, त्यामुळे ती मागे कुठेतरी आत वळते, सीटमागच्या भिंतीला आपटते आणि दोन सीटच्या मधून पुढे येते. म्हणून वारा अडवणारी जाळी पुढे नसते, सीटच्या मागे असते. अखंड पत्रा लावला तर मागे नवीन भोवरा तयार होतो. जाळी थोडी हवा जाऊ देते, थोडी थोपवते, त्याने तो भोवरा मोडतो.

टप लावल्यावरही हवा छळतेच. वेगात छतावरून पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जाऊन फुगतं. म्हणून महागड्या गाड्यांत कापडाखाली ताठ तुकडे घालतात, पोर्शने ९११ मध्ये मॅग्नेशियमचे घातले. कापडही एकेरी नसतं. बाहेर ॲक्रिलिकचं विणलेलं, मध्ये रबराचा थर, आत पुन्हा कापड.


पागोळी

नाव बघून ओळखलं असेलच, माझं काम गळती शोधायचं. आत्तापर्यंत नुसती वाचत होते, पण रबर आलं म्हणून लिहिते.

उघड्या गाडीच्या दाराच्या काचेला चौकट नसते. दार उघडायला कडी ओढली की काच आधी काही मिलिमीटर खाली येते, दार लागलं की वर जाऊन टपाच्या रबरात घुसते. त्या रबरावर पाच ठिकाणची मापं येऊन मिळतात, दार, काच, खांब, टप, मागची कड. एकाने एक मिलिमीटर दगा दिला की पाणी मांडीवर.

आमच्या एका गाडीचं सांगते. फवाऱ्याखाली नमुना गाडी दर वेळी कोरडी निघायची. टप उघडा, लावा, पुन्हा फवारा, कोरडीच. सही-शिक्के झाले. मग चाचणीला बाहेर गेलेल्या गाड्यांपैकी एकच ओली परत यायला लागली, तीही अधूनमधून. ड्रायव्हर म्हणे रात्री पाऊस पडला की सीट भिजते. आम्ही गाडी फवाऱ्याखाली घातली, ठणठणीत कोरडी. रबर बदललं, काचेची उंची बदलली, काच वर नेणारी मोटार बदलली. तीन आठवडे गेले. शेवटी त्या ड्रायव्हरला विचारलं, गाडी रात्री उभी कशी करता? म्हणाला, गल्ली अरुंद आहे, एक चाक फुटपाथवर चढवून लावतो.

आमच्या फवाऱ्याखालची फरशी सपाट होती, हो! एक चाक वर गेलं की गाडी पिळली जायची, दाराची फट कोपऱ्यात किंचित उघडायची, काच रबरापासून सुटायची. एक लाकडी ठोकळा चाकाखाली सरकवला आणि पाच मिनिटांत पाणी आत. गळती रबराची नव्हतीच, ती सांगाड्याची होती. त्या बैठकीत सांगाडेवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होती.


खटपट्या

@पागोळी ताई, तुम्ही आमच्याच कंपनीत होतात की काय अशी शंका येतेय. आमच्याकडे त्या ठोकळ्याला नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.


पागोळी

लाकडी, एका बाजूला निळा रंग लागलेला?


खटपट्या

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


गोगलगाय

हे दोघं व्यनित गेले, आता आम्ही काय करायचं? मला एक जुनी, सेकंडहँड उघडी गाडी बघायला जायचंय शनिवारी. सांगाडा धड आहे की नाही, हे माझ्यासारख्याने कसं ओळखायचं?


खटपट्या

@गोगलगाय, पागोळी ताईंचीच युक्ती. टप आधी उघडं ठेवा. दोन्ही दारं सपाट जागी लावून-उघडून आवाज ऐकून ठेवा. मग पुढचं एक चाक फुटपाथवर किंवा फळीवर चढवा आणि तेच पुन्हा करा. कुठलीही उघडी गाडी थोडी पिळणारच, आवाजात किंचित फरक चालेल. पण दार कडीवर अडकायला लागलं, मागच्या कडेची फट वर एक आणि खाली एक दिसायला लागली, तर सिलच्या आत गंज आहे किंवा गाडी कधीतरी जोरात ठोकलेली आहे. मग वाकून सिलची खालची कड बघा. तिथे नवा काळा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय ते विचारा.

टप जिथे घडी होऊन बसतं तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी जाण्याची भोकं असतात. त्यांत बोट घाला. पाला निघाला तर सीटखालचा गालिचा उचलून दाबून बघा.


गोगलगाय

जाऊन आलो. मालक आधी हसला, मग फळी त्यानेच आणून दिली. उजवं दार सपाटीवर 'ठप्प', फळीवर पण 'ठप्प'. डावं सपाटीवर 'ठप्प' आणि फळीवर 'ठक', आणि दुसऱ्यांदा ढकलावं लागलं. खाली वाकलो तर डाव्या सिलला रंग नवा, उजव्याला जुना. विचारल्यावर मालक म्हणाला, "एका बाजूलाच रंग पुरला."

भोकात पाला नव्हता. पेन्सिल निघाली.